शुक्रवार पेठेचे परराष्ट्रमंत्री

“कोण हाय का घरात? एक ताट जास्तीचं वाढा!”

सरांचं पाऊल उंबऱ्याच्या आत पडण्याआधी त्यांची ही आरोळी स्वयंपाकघरात पोचलेली असायची. रविवारी दुपारी सोलापूरच्या शुक्रवार पेठेत ज्या घरातून ती ऐकू येई, त्या घरी आज परदेश जेवायला आलाय हे अख्ख्या गल्लीला कळायचं. सरांच्या मागे एखादा उंच, अवघडलेला मुलगा उभा असे. बूट कुठं काढायचे, बसायचं कुठं, नमस्कार करायचा की हात पुढे करायचा, यातलं काहीच त्याला ठाऊक नसे. सर त्याला खांद्याला धरून आत ढकलत आणि स्वतः दारातच फतकल मारत. “मी जेवून आलोय. ह्याला वाढा. आणि चमचा देऊ नका, बिघडतंय पोरगं.”

आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी, त्यामुळे त्यांचं सगळं परराष्ट्र धोरण मला चहाबरोबर ऐकावं लागे. ‘परराष्ट्रमंत्री’ हे नाव आमच्या शिपायानं ठेवलं आणि ते शाळेच्या फाटकातून सुटून थेट त्यांच्या गल्लीपर्यंत गेलं. सर वरवर चिडायचे, पण आतून त्यांना ते आवडायचं. तुमच्याही ओळखीत असा एखादा बिनखात्याचा मंत्री असेल. त्याला गाडी नसते, बंगला नसतो आणि कामाला मात्र सुट्टी नसते.

ही सवय त्यांनी जेऊरहून आणली होती. त्यांचं घर तिथल्या स्टेशनजवळ. गाडी चुकलेला माणूस फलाटावर बसलेला दिसला की वडील त्याला घरी जेवायला घेऊन यायचे. कोण, कुठला, काही विचारायचे नाहीत. सर सांगायचे, “आमच्या आईला सवयच झाली हुती. गाडीची शिट्टी ऐकली की परातीत मूठभर पीठ जास्त पडायचं.” सोलापुरात नोकरीला आल्यावर ते शुक्रवार पेठेत भाड्यानं राहिले, मग तिथंच छोटं घर घेतलं, पण गाडी चुकलेला माणूस शोधायची नजर काही गेली नाही.

तसा त्यांना इद्रिस सापडला. स्टेशनवर नाही, भुसार बाजारात.

दुसऱ्या दिवशी सर स्टाफरूममध्ये आले ते हातवारे करतच. “बाई, काळंभोर पोरगं, सहा फूट उंच, ज्वारीच्या पोत्यापाशी उभं! मूठ भरून घ्यायचं, नाकाला लावायचं, परत टाकायचं. दुकानदार बोंबलतोय, ह्याला काय कळंना. मी इचारलं, व्हॉट कंट्री? तर म्हणतंय, सुदान. अहो, सुदान! ज्वारीचा मुलुख की हो तो! नकाशात आयुष्यभर दाखवत आलो आन् आज माणूस भेटला.”

इद्रिस इथल्या एका कॉलेजात फार्मसी शिकायला आला होता. पाव आणि केळी खाऊन दिवस काढत होता. सरांनी त्याला तिथूनच घरी नेलं. वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, गरम भाकरी टाकली. त्यानं तुकडा मोडला, आधी त्याचा वास घेतला आणि मग मान खाली घालून अख्खी भाकरी कोरडीच खाल्ली. त्याच्या आईच्या हातची भाकरी याच पिठाची, पण कागदासारखी पातळ आणि आंबूस. पुढच्या आठवड्यात त्यानं वहिनींच्या तव्यावर ती करून दाखवायचा प्रयत्न केला. निम्मी तव्याला चिकटली, निम्मी फाटली. वहिनी म्हणाल्या, “असू दे. आंबोळी म्हनायची आन् खायची.” तिघांनी ती खाल्ली.

तिथून सरांना नादच लागला. कॉलेजात असे आणखी काही जण होते, सुदानचे, येमेनचे, टांझानियाचे. दर रविवारी एका घरी एक मुलगा, असा सरांचा नेम. दोघं एकत्र पाठवायचे नाहीत, कारण मग ते आपसातच बोलत बसतात. घरातल्यांनी जेवण होईपर्यंत मोबाईल काढायचा नाही. आणि पाहुण्यासाठी वेगळं काही रांधायचं नाही. जे आहे तेच वाढायचं, मग ती शेंगाचटणी आणि कडक भाकरी असली तरी चालेल. “पनीर करून घातलं तर त्याला वाटंल आपण हाटेलात आलोय,” ते म्हणायचे.

या पाहुण्या मुलांकडून मात्र त्यांनी एकच रीत अगदी घोकून घेतली होती. लहान लेकरू असलेल्या घरात रिकाम्या हातानं जायचं नाही. बिस्किटाचा पुडा असो की लिमलेटची गोळी, खाऊ आईकडे द्यायचा नाही. खाली वाकायचं, लेकराचा हात धरायचा आणि त्याच्या तळहातावर ठेवायचा. सर ते करूनही दाखवायचे, स्टाफरूममध्ये माझ्या हातावर खडू ठेवून. “असं. मग बघा, लेकरू हसलं की आई हसती, आई हसली की घर उघडलं.”

त्यांचं इंग्रजी भयंकर होतं. मी एकदा त्यांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, “चुकीचं इंग्रजी लई उपयोगाचं असतं बाई. दोघंबी जपून बोलतात.” एका घरातल्या आजोबांनी इद्रिसला विचारलं, तिकडं सिंह रस्त्यावर फिरतात का? सरांनी ते तसंच्या तसं भाषांतर करून सांगितलं. इद्रिस म्हणाला, माझी आई फोनवर विचारते, सोलापुरात अंथरुणात नाग निघतात का? सरांनी तेही सांगितलं. आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. कुणी कुरकुर केली, सर, ह्यांची भाषा कोण शिकणार, तर सर त्याला उडवून लावायचे. “ह्या गावात मागच्या गल्लीत तेलुगू, पुढच्या गल्लीत कन्नड, नळावर उर्दू. त्यात जरा अरबी पडली तर काय आमटी नासती का?”

एका बाईंनी मात्र हळूच विचारलं, “त्याची जात कंची?” सर म्हणाले, “बी फार्म, दुसरं वर्ष.”

त्या गल्लीत सगळ्यांच्या एक मावशी होत्या. पहिल्या मजल्यावर राहायच्या, घरात लेक, सून आणि छोटा नातू. हाताला चव अशी की इद्रिसनं त्यांच्याकडची शेंगापोळी खाल्ली आणि त्यांचाच होऊन गेला. एखादा रविवार चुकला तर मावशी सरांना रस्त्यात अडवायच्या, “आमचा इद्रूस का आला न्हाई ओ?” त्याला मराठी शिकवली ती त्यांनीच. त्यामुळे तो सुदानी मुलगा ‘लई’ आणि ‘व्हय’ आणि ‘कुटं गेल्ता’ असं बोलायचा. मावशी चारचौघांत सांगायच्या, “माझं दुसरं लेकरू हाय ते.” त्याच्या शेजारी बसून काढलेला फोटो त्यांनी मोबाईलच्या डीपीला लावला होता.

मला हे सगळं गोड वाटायचं, पण मी मुळात संशयी बाई. गणपतीत मंडळानं इद्रिसला फेटा बांधून आरतीला उभं केलं, ‘विश्वबंधुत्व’ असा फ्लेक्स लावला, पेपरात फोटो आला. त्याच महिन्यात सर त्याच्यासाठी गल्लीत भाड्याची खोली शोधत होते. सगळे म्हणाले, बघतो की सर. कुणी बघितलं नाही.

मी म्हटलं, “सर, ताटात जागा आहे. घरात नाही.”

“तुम्ही लई कडू बोलता बाई. हळूहळू होतंय. आधी ताट, मग खोली, मग पुढचं.”

“पुढचं म्हणजे काय?”

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “पुढचं म्हंजे, उद्या कुणी ह्या पोराला रस्त्यात हटकलं, तर गल्लीतल्या एकानं तरी म्हनलं पाहिजे, ए सोड, आमचा हाय तो. एवढं झालं की मी मंत्रिपद सोडलं.”

मी हसले. त्यांना ते होणार याची खात्री होती, त्यामुळे पुढच्या वर्षी त्यांनी इद्रिसबरोबर जाणंही बंद केलं. म्हणाले, “आता कशाला? घरचाच झाला की.”

त्या उन्हाळ्यात सगळ्यांच्या मोबाईलवर ते निरोप फिरत होते. मुलं पळवणारी टोळी आली आहे, खाऊ देऊन गुंगी घालतात, सावध राहा. कुठल्या तरी परमुलखातला व्हिडिओ, कुणाचा तरी रडका आवाज. आमच्या शाळेतल्या शिकलेल्या मास्तरांनीसुद्धा तो पुढं ढकलला होता. सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना झापलं, पण निरोप काही थांबले नाहीत.

मावशींच्या इमारतीत तळमजल्यावर एक नवं कुटुंब राहायला आलं होतं. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, बायको दिवसभर एकटी, पदरात तीन वर्षांची मुलगी. रविवारी दुपारी इद्रिस मावशींकडे जेवायला म्हणून आला, तेव्हा ती मुलगी पायरीवर बसली होती. तो शिकवल्याप्रमाणे खाली वाकला. तिचा हात धरला. तळहातावर लिमलेटची गोळी ठेवली.

आई बाहेर आली आणि किंचाळली. त्या बाईला मी दोष देत नाही. तिनं इद्रिसला कधी पाहिलंच नव्हतं, आणि मोबाईलवर जे पाहिलं होतं ते हुबेहूब तिच्या दारात घडत होतं. पण नंतर जे धावून आले ते नवे नव्हते. ज्यांनी फेटा बांधला होता, त्यातलेही काही त्यात होते म्हणतात. गर्दीत माणसाला माणसाचा चेहरा दिसत नाही, असं नंतर मला एकजण समजावून सांगत होता. मी म्हटलं, सहा फुटांचा होता तो, आणि या पेठेत तसा दुसरा नव्हता.

वहिनींचा फोन आला तशी मी रिक्षा करून निघाले. पोचले तोवर पोलिसांनी इद्रिसला ठाण्यात नेलं होतं. हात मोडला होता, ओठ फाटला होता. औषधपाणी करून त्याला बाकावर बसवलं होतं, शेजारी सर आणि वहिनी. तिथला अधिकारी बरा माणूस होता. तो सरांना म्हणाला, “सर, तुमचं म्हणणं मला पटतंय. पण बाहेर शंभर माणूस उभं हाय, म्हणतंय पोरगी पळवत होता. गल्लीतलं कुणीतरी येऊन सांगू दे की हा आमच्याकडं येतो-जातो. लगेच सोडतो. तुम्ही तर त्याचे गुरूच, तुमचं कोण ऐकणार?”

“एवढंच ना?” सर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळलेला मला आठवतो. “बसा साहेब, आत्ता घेऊन येतो. चला बाई.”

आम्ही घरोघर फिरलो. ज्या ज्या दारात त्यांची आरोळी घुमली होती, त्या दारांत ते आज हळू आवाजात हाक मारत होते. सिंहाबद्दल विचारणारे आजोबा झोपले होते, आणि त्यांच्या मुलानं त्यांना उठवू दिलं नाही. एका घरी मुलीचं लग्न ठरत होतं, पोलिसांत नाव नको. एकाला रात्रपाळीला जायचं होतं. मंडळाच्या सेक्रेटरींचं कोपऱ्यावर किराणा दुकान होतं. ते म्हणाले, “सर, आम्हाला हितं धंदा करायचाय. आन् ओळखतो असं कसं सांगायचं? आपल्याकडं जेवला असंल एकदा-दोनदा. जेवला म्हंजे ओळख होती का?”

सर दुकानाची पायरी उतरले. आयुष्यभर ज्यावर उभे होते ती फळीच त्या माणसानं बोलता बोलता काढून घेतली.

शेवटी मावशी. त्यांचं दार सरांनी मुद्दाम राखून ठेवलं होतं, बहुतेक खात्रीचं नाणं म्हणून. मावशींच्या घरात शेंगापोळीचा खमंग वास होता. ताटं मांडलेली होती. लेक दारात आडवा उभा राहिला आणि मावशी त्याच्या मागून बोलल्या. “मला काय म्हाईतच न्हाई ओ सर. मी आत हुते, कुकर लावला हुता. काय ऐकूच आलं न्हाई. आता ह्यो म्हणतोय जाऊ नको, तर मी काय करू?”

“मावशी, तुमचं दुसरं लेकरू,” सर म्हणाले.

लेकानं दार लोटलं. जोरात नाही, हळूच, कडी न वाजवता.

आम्ही रिकाम्या हातानं ठाण्यात परत गेलो. माझा, सरांचा आणि वहिनींचा जबाब घेतला. संध्याकाळी कॉलेजचे प्राचार्य आले, त्यांच्या शब्दावर इद्रिसला सोडलं. बाहेर येताना सर त्याच्यासमोर उभे राहिले आणि मराठीत म्हणाले, “मीच शिकवलं की रे तुला ते. मीच शिकवलं.” तो मुलगा प्लास्टरचा हात सांभाळत सरांनाच धीर देत होता, “असू दे सर. असू दे.”

मला त्या दिवशी त्या गल्लीचा जो राग आला तो अजून उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही. लोक म्हणतात, भीती वाटली हो, आम्ही साधी माणसं. साधी माणसं हा शब्द मी तेव्हापासून जपून वापरते.

इद्रिसनं उरलेलं शिक्षण हैदराबादला पूर्ण केलं. सर निवृत्त झाले. रविवारी ते घरातच बसू लागले. वहिनी म्हणायच्या, जेवतानाही बोलत नाहीत, भाकरीकडं बघत बसतात. मी गेले की नकाशे काढून बसलेले दिसायचे, पण कुठला देश, कुठली नदी, काही सांगायचे नाहीत. मी मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलायचे, टांझानियाची राजधानी वगैरे. ते चूक सुधारायचे नाहीत. यापेक्षा ते भांडले असते तर बरं झालं असतं.

गणपतीच्या आधी सेक्रेटरी त्यांच्याकडे आले होते. मी तिथंच होते. “सर, यंदा पण एखादा फॉरेनचा पाहुणा बघा की आरतीला. पेपरवाले इचारतात.” सर कितीतरी महिन्यांनी पूर्ण वाक्य बोलले. “आणला तर तुमी त्याला ओळखणार कसं? जेवला म्हंजे ओळख होत न्हाई.” सेक्रेटरी ओशाळं हसले आणि चहा न घेता गेले. मला वाटलं, आता सर जरा मोकळे होतील. ते उठून आतल्या खोलीत गेले आणि आडवे झाले.

नंतरच्या थंडीत ते गेले. हृदयविकाराचा झटका, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं.

चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण होतं. गल्ली लोटली. सेक्रेटरींनी सतरंज्या आणल्या, कुणी पाण्याचे जार, बायकांनी वाढायचं वाटून घेतलं. आपली माणसं मेलेल्या माणसाच्या बाबतीत फार चोख असतात. दारात फ्लेक्स होता, सरांचा फोटो आणि खाली ‘जगाला गल्लीत आणणारा माणूस’. मी तो वाचला आणि तोंड फिरवलं.

इद्रिस हैदराबादच्या गाडीनं आला. वहिनींनीच त्याला कळवलं होतं. एका औषध कंपनीत लागला होता, अंगानं भरला होता. तो वहिनींच्या पायाशी बसला आणि दोघंही रडले. गल्लीत कुजबूज पसरली. मग एकेकजण येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवू लागला, आमच्याकडं जेवायचा हा, आमच्याकडं पण. आजोबांच्या मुलानं त्याला आग्रहानं पंगतीत मधोमध बसवलं. दोघातिघांनी मोबाईल काढले.

मावशी खीर वाढत होत्या. गव्हाची खीर, भरपूर वेलदोडा घातलेली. त्या त्याच्यासमोर आल्या तेव्हा पळी तशीच हातात राहिली. डोळे भरून आले होते, ते खोटे नव्हते असं मला वाटतं.

“इद्रूस, ओळखलंस का रे मला?”

त्यानं वर बघितलं. आवाजात राग नव्हता. त्यांनीच शिकवलेल्या मराठीत तो म्हणाला,

“ओळखलं की मावशी. त्या दिवशीबी ओळखलं हुतं. तुमी वर गॅलरीत हुता.”

मग त्यानं आपलं ताट जरा पुढं सरकवलं, वाढून घ्यायला. मावशींचा हात काही खाली येईना.